काळ्या सुतावरचा आळ

"वैनीबाई, तुमच्या हातात रगत नाई जी," कवडू कासार म्हणाला, आणि बांगडी चढवण्यासाठी दाबून धरलेला कौसल्याचा हात त्यानं तसाच आपल्या दोन्ही तळव्यांत ठेवला. अंगणात पोरीसोरींचा गलका होता. लेकीचं, जयाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, उमरेडची वरपक्षाची माणसं मानपानाची, म्हणून आज सगळ्या घराचा हिरवा चुडा भरायचा होता. टोपलीतल्या बांगड्या उन्हात ओल्या पानांसारख्या चमकत होत्या. कौसल्या हसली. म्हणाली, "रगत कुठून दिसन बावा, आमचा कोष्ट्याचा हात. सुताच्या खळीनं पांढरा झाला." कवडू हसला नाही. त्यानं अंगठ्यानं तिचा तळवा दाबला आणि सोडला. दाबलेली जागा पांढरी होती, सोडल्यावरही पांढरीच राहिली. भोवतालच्या कातडीत आणि तिच्यात काही फरकच नव्हता. "तीस वरसं बायांचे हात दाबून राहिलो मी," तो हळूच म्हणाला, "बाईचं तोंड लबाड बोलते, हात नाई बोलत. पोरीचं लगन पार पाडाचं हाय ना तुमाले? मंग डाक्टरले दाखवा." आणि पुढची बांगडी त्यानं इतक्या हलक्या हातानं चढवली की तिच्या सुजल्या पेरांवरून ती कधी उतरली ते तिला कळलंही नाही.

कळलं नाही याचं खरं कारण मात्र कवडूचा हलका हात नव्हता. सकाळी उठल्या उठल्या तिनं दोन गोळ्या जास्तीच्या घेतल्या होत्या. आज बांगड्या भरायच्या, बोटांच्या गाठी कासाराच्या हातात द्यायच्या, आणि चार बायकांत ओरडायचं नाही, म्हणून. त्यात सोमवार. उपास. पोटात पाण्याचा घोट आणि चार पिवळ्या गोळ्या. नऊ वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं बोटांच्या दुखण्यावर दहा दिवसांपुरत्या लिहून दिलेल्या. ती चिठ्ठी अजून तिच्या चंचीत होती, घड्या पडून पडून धुतलेल्या धडुत्यासारखी मऊ झालेली. तिच्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाला आता वाचायची गरज उरली नव्हती. ती दुकानाच्या पायरीशी दिसली की तो पुडी बांधायला घ्यायचा. दहा दिवस कधी संपले? कोणीच म्हणालं नाही की संपले. दुखणं संपलं नव्हतं, मग गोळी का संपावी? पहिली गोळी घेतली तो दिवस आठवला की तिला अजून नवल वाटायचं. चार महिने मुठी मिटून बसलेल्या तिच्या बोटांनी दुपारपर्यंत हळूहळू डोळे उघडले होते, झोपेतून उठलेल्या लेकरांसारखे. रहाट फिरवायला बसली आणि दिवे लागायच्या आत सुताच्या ऐंशी कांड्या भरून उठली. तिचा नवरा बळीराम मागाच्या खड्ड्यातून मान वर करून म्हणाला होता, "अवं, आज त तू मशीन झाली!" घराचा माग एकट्या बळीरामच्या पायांवर चालत नाही हे विणकरांच्या तांडापेठेतल्या प्रत्येक घराला ठाऊक. बाईनं कांडी भरली तर आडवं सूत नेणारा धोटा धावतो, धोटा धावला तर कापड होतं. कांडी थांबली की मागाचा आवाज थांबतो, आणि मागाचा आवाज थांबला की शेजारची माणसं विचारायला येतात, कोण गेलं म्हणून.

बायका गेल्या. जया हिरवे हात उन्हात धरून स्वतःशीच खुळखुळवत होती. कौसल्या रहाटापाशी येऊन बसली, पण हात चाकाला लावला नाही. तळवा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. धुवट सूत. नदीवर नेऊन, झोडपून, वाळवून, मांडीवर घेतलेली पांढरी लडी. एवढं पांढरं आपण कधी झालो? आणि मग जी गोष्ट ती गेले चार महिने मनाच्या मागल्या कोठीत ढकलून, वर गोणपाट टाकून बसली होती, ती गोणपाट सारून बाहेर आली. तळवा पांढरा. आणि परसाकडे गेल्यावर पाहावं तर, डांबरासारखं काळं. जे बाहेर दिसायला पाहिजे ते आत चाललंय आणि जे आत राहायला पाहिजे ते बाहेर.

तुळजाबाईनं हेच सांगितलं होतं. तुळजाबाई तिची मोठी जाऊ, या घरातला रहाट आधी तिचा. सहा वर्षांपूर्वी, असंच ऊन कलतं असताना, विहिरीच्या पलीकडे तिला ओढून नेऊन तुळजाबाई कानात बोलली होती, "कौसे, मले काळं होऊन राहिलं वं. कोनाले सांगशीन नोको. आपल्या माणसांले त नाईच. असं काई माणसांले सांगाचं असते का?" कौसल्यानं तिच्या गळ्याची शपथ घेतली. तिसऱ्या महिन्यात तुळजाबाई गेली. दवाखान्यात पोट उघडून पुन्हा शिवून दिलं, गाठ होती म्हणाले, एवढी, नारळाएवढी, आणि मग ती खाटेवर दिवसेंदिवस लहान होत गेली आणि तिच्या पोटातला नारळ तेवढाच राहिला. शेवटी तिचे हातही असेच होते. बाकी सगळं कौसल्या विसरली असती. ते हात, चादरीवर ठेवलेले, पांढरे, आणि कोणी बांगडी भरायला न आलेले, ते तिला विसरता आले नाहीत. शपथ तिनं पाळली. इतकी पाळली की ती आता तिचीच झाली होती.

पण माणूस भितो तेव्हा तो आधी एक भिंत शोधतो. कौसल्याची भिंत सुताची होती. गेल्या मार्गशीर्षात संक्रांतीसाठी चंद्रकळांचं काम आलं, काळ्या जमिनीची, लाल काठाची लुगडी, आणि घर काळ्या लड्यांनी भरून गेलं. बळीरामचे पुढचे दात पडले त्याला दोन वर्षं झालेली. धोट्यात नवी कांडी बसवली की तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक डोळ्यातून ओठांनी ओढून बाहेर काढावं लागतं, फूस्स करून श्वास आत घेऊन. दात गेल्यापासून बळीरामची ओढच लागेना. "हवा बाजूनंच पळते वं माही," तो म्हणे, आणि धोटा तिच्याकडे करी. तेव्हापासून प्रत्येक सूत तिच्या ओठांवरून जात होतं. काळं सूत ओठांवर, जिभेवर, थुंकीत. ओठांच्या कडा काळ्या होत, जया चिडवी, "माय, मिसरी सोडली म्हनते आन् तोंड पाहा!" आणि त्याच महिन्यात पहिल्यांदा काळं झालं. कौसल्या परसाकडच्या आडोशाला बसून क्षणभर तुळजाबाई झाली, आणि लगेच स्वतःला म्हणाली, येडे, सूत गिळतं तू. रंग पोटात जाते, रंगच बाहेर येते. संक्रांत झाली, काळ्या लड्या संपल्या, पांढरं सूत मागावर चढलं. काळं थांबलं नाही. मग ती म्हणाली, कच्चा रंग एका धुण्यात जातो का? नवं रंगीत धडूत सात पाणी रंग सोडतं. पोटही धडूतच. तिनं मोजायला सुरुवात केली. एक पाणी, दोन पाणी. माघ गेला, होळी गेली. सातानंतर तिनं मोजणं सोडून दिलं, आणि रहाटावर बसलं की तिच्या तोंडी कुठूनशी एक ओवी यायला लागली, आईची नव्हे, सासूची नव्हे, कोणाचीच नव्हे:

काळ्या सुताची गं कांडी, कशी दातापाशी धरू
बाई मनातलं भेव, कोन्या भिंतीपाशी सारू

गाताना ती शेवटची ओळ पुटपुटायची, म्हणजे मागाच्या खड्ड्यापर्यंत पोचू नये.

आज मात्र कवडूनं त्या भिंतीला हात लावला होता. परका माणूस. शपथ सांगण्यापुरती होती, त्याच्या पाहण्याला ती अडवू शकत नव्हती. त्यानं विचारलं नाही, पाहिलं. आणि पाहिलेलं खोटं कसं करायचं? लग्न पंधरा दिवसांवर. आता बोललं तर लग्न थांबेल, न बोललं तर कदाचित लग्नानंतर बोलायची गरजच उरायची नाही. असा विचार मनात आला आणि तिला त्याची भीती वाटली नाही, थकवा वाटला, म्हणून ती जास्त भ्याली. आतल्या खोलीत माग चालू होता, खट्-खटक, खट्-खटक, बळीरामच्या पायांखालच्या पावड्या कुरकुरत होत्या. ती उठली. उठताना घर एकदा डावीकडे कललं आणि पुन्हा सरळ झालं. तिनं भिंतीला हात टेकला, खरोखरीच्या भिंतीला, शेणानं सारवलेल्या, थंडगार. मागाच्या कडेला जाऊन ती बसली, खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या नवऱ्याच्या खांद्याशी तिचे गुडघे येतील अशी.

"अवो," ती म्हणाली, "कच्चा रंग किती पान्यात जाते?"

बळीरामनं धोटा फेकला, फणी ओढली. "कोनता?"

"काळा."

"सात पान्यात."

"आन् नाई गेला त?"

"सातात नाई गेला," बळीराम सुतावरची गाठ चिमटीत धरून म्हणाला, "त तो रंगच नोहे. दुसरं काईतरी हाय." गाठ सोडवली. मग त्याच्या लक्षात आलं की ती उठून गेली नाही. त्यानं मान वर केली. "काहून?"

तिनं सांगितलं. त्याच्याकडे न पाहता, ताण्याच्या उभ्या पांढऱ्या दोऱ्यांकडे पाहत, जणू त्या दोऱ्यांनाच सांगते आहे. तुळजाबाईचं सांगितलं, शपथेचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. मधे एकदा तो म्हणाला, "चार चार?" सांगून झाल्यावर घरात इतकं शांत झालं की शेजारच्या घरातून नत्थूजी ओरडले, "बळीराम, माग काहून थांबला गा? सूत तुटलं का?" बळीराम खड्ड्यातून वर चढत होता. गुडघ्याला हात लावून, कण्हत, पण एवढ्या घाईनं तिनं त्याला कधी चढताना पाहिलं नव्हतं.

कोराडीच्या बिजलीघरात लागलेला थोरला लेक देवराव दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आला, सदऱ्याच्या कॉलरवर राखेची बारीक रेघ घेऊन, आणि आईला रिक्षात घालून, बळीरामला सोबत घेऊन, मेयो दवाखान्यात घेऊन गेला. तिथं तिला खडूसारखं पांढरं, घट्ट औषध भांडंभर प्यायला दिलं. "ही खळ हाय का रे?" तिनं देवरावला विचारलं. तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले, तेव्हा तिनं भांडं तोंडाला लावलं. अंधाऱ्या खोलीत थंड पाटीला पोट लावून उभी राहिली. श्वास धरा म्हणाले, धरला. सोडा म्हणाले तेव्हा तिला वाटलं, असा श्वास आपण चार महिने धरूनच होतो, सोडा म्हणणारं कोणी नव्हतं. मग लाकडी बाकावर वाट पाहणं. समोर भिंतीवर पालीची शेपटी, खाली कोणाचं तरी रडणारं लेकरू, आणि तिच्या मनात जयाचा मांडव. त्या मांडवात तिनं स्वतःला शोधून पाहिलं, इकडं नाही, तिकडं नाही, चुलीपाशी नाही, वरमायेच्या पाटापाशी नाही. बोटं दुखायला लागली होती. काल सकाळनंतर गोळी नव्हती. देवरावनं पुडी स्वतःच्या खिशात घातली होती. बोटांचं ते दुखणं नऊ वर्षांनी पूर्ण आवाजात बोलत होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं की ते तिला ओळखीचं वाटत होतं, माहेरच्या माणसासारखं.

डॉक्टरीण बाई पोक्त होत्या, चष्मा केसांवर सरकवलेला. फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. कौसल्यानं पाहिलं: काळ्या जमिनीवर पांढरं पोट. उलटी चंद्रकळा. बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं पांढऱ्याच्या कडेवर एक ठिपका दाखवला, जसा कापडात सुटलेला दोरा.

"ही जखम आहे," त्या म्हणाल्या. "इथून रक्त झिरपतंय. पोटात जिरून रक्त काळं होतं, म्हणून काळं दिसतं."

"गाठ नोहे?" बळीराम दारातूनच म्हणाला. त्याला आत बोलावलं नव्हतं.

"गाठ दिसत नाही. अल्सर आहे. आणि कशानं झाला तेही मला दिसतंय." त्यांनी देवरावच्या हातातली पिवळ्या गोळ्यांची पुडी उचलली. "बाई, ही कोणी दिली? किती दिवस घेताय?"

"नऊ वरसं जी."

डॉक्टरीण बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. रागावतील असं वाटलं, पण त्या तिच्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग एकेक बोट हातात घेऊन वाकवून पाहिलं. "कळ थांबवते ही. पण पोटाचं अस्तर खाते. त्यात तुम्ही उपाशीपोटी चार चार खाल्ल्या. पोट निदान काळं दाखवून बोललं तरी. मूत्रपिंडं बिघडली असती तर ती बोललीही नसती. लघवी तपासली, तिथं ठीक आहे, नशीब समजा." थांबून म्हणाल्या, "आणि हे काळं दिसलं तेव्हा आला का नाहीत?"

कौसल्यानं सुताचं सांगितलं. सात पाण्यांचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या बाजूला उभी असलेली नर्स वळून खिडकीकडे पाहायला लागली, आणि तिचे खांदे हलत होते. मग देवराव हसला. मग बळीराम, दात नसलेल्या तोंडानं, फूस्स करून. शेवटी कौसल्याही हसली, आणि हसता हसता ती रडते आहे हे तिला गालावर ओलं लागल्यावर कळलं. गाठ नव्हती. तुळजाबाईचा नारळ तिच्या पोटात नव्हता. तो विहिरीपलीकडे, त्या कलत्या उन्हात, तुळजाबाईबरोबरच राहिला होता.

"मंग हाताचं कसं जी?" तिनं डोळे पुसत विचारलं. "गोळी नाई त हात नाई. हात नाई त माग नाई."

"गोळी आता नाही. ही नाही, असली दुसरी कोणतीही नाही, दुकानदारानं दिली तरी नाही. सकाळी कोमट पाण्यात हात ठेवा, पाव तास. थोडं थोडं काम, मधे थांबून. दुखणं जाणार नाही. हात दुखतील बाई, पण दुखायला तुम्ही राहाल." मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "आणि ऐका, रक्त वाढायला लोखंडाच्या गोळ्या देते. त्यानं पण काळंच होईल. ते लोखंडाचं काळं, त्याला भिऊ नका. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं झालं, किंवा चक्कर आली, तर मात्र त्याच दिवशी यायचं."

"काळ्यात पन दोन काळे!" बळीराम म्हणाला. "आता हे सांगाचं कोन?"

"मीच सांगीन," कौसल्या म्हणाली. "रोज सांगीन. तुमाले आता ऐकाच लागन."

रक्ताची बाटली चढवली, देवरावच्या दंडातून काढलेली. खाटेवर पडल्या पडल्या ती नळीतून येणारा तो लाल दोरा पाहत राहिली. किती सावकाश येतो. कोणत्या रहाटावर भरला असेल. याला कधीकाळी आपण पाजलं, आता हा आपल्याला पाजतो आहे. बाजूच्या खाटेवरची म्हातारी उशाशी बसलेल्या देवरावकडे पाहत म्हणाली, "कोन वं हा तुहा?" "कांडी," कौसल्या झोपेच्या कडेवरून म्हणाली, आणि म्हातारीला ते कळलं नाही.

लग्न झालं. उमरेडच्या माणसांनी मानपानात एक-दोन खोड्या काढल्याच, पण कौसल्यानं खुर्चीवर बसून त्या नुसत्या ऐकल्या, दूधभाताची वाटी मांडीवर घेऊन. दर दोन तासांनी पोटात काहीतरी घालायचं अशी आज्ञा होती, आणि बळीराम भर मांडवात वाटी घेऊन तिच्यामागे फिरत होता; बायका पदराआड हसत होत्या. तिला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. मांडवात ती होती, पाटापाशी होती, सगळीकडे होती, एवढंच तिला वाटत होतं. जयानं निघताना मिठी मारली तेव्हा दोघींच्या हिरव्या बांगड्या एकमेकींत अडकल्या आणि एक फुटली, आणि कोणीतरी अपशकुन म्हणायच्या आत कवडू कासार गर्दीतून ओरडला, "वाढवली, वाढवली! मी हाय ना, दुसरी भरतो." दुसरी भरताना त्यानं पुन्हा तिचा तळवा दाबून सोडला. या वेळी पांढऱ्या जागेत गुलाबी रंग परत आला, हळूच, उंबऱ्यातून आत डोकावणाऱ्या पाहुण्यासारखा. बांगडी चढवताना मात्र तिला कळ आली, चांगली मस्तकात गेली, आणि ती "अवं माय वं!" म्हणून चार बायकांत मोठ्यानं ओरडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ओरडून तिला इतकं बरं वाटलं की ती पुन्हा एकदा ओरडली.

दुखणं राहिलं. सकाळी बोटं मिटलेली असत, कोमट पाण्याच्या घमेल्यात तिनं हात घातले की ती एकेक करून कुरकुरत उघडत. ऐंशी कांड्यांचे दिवस गेले. तीस, पस्तीस, मधे थांबून. उरलेल्या बळीराम भरायचा. त्याच्या कांड्या मधे फुगलेल्या, टोकाला बारीक, आणि धोट्यात बसायच्या आधीच सुटायच्या. "हे काय कांडी होय? वांगं होय," ती म्हणायची. तो म्हणायचा, "अवं, वरसं लागते शिकाले. तुले काय कमी लागली?" माग दिवसातून दोनदा-तीनदा थांबायचा. पहिल्या आठवड्यात नत्थूजी विचारायला आले, कोण गेलं म्हणून. बळीराम म्हणाला, "कोनी नाई गेलं गा. थोडे बसून राहिलो." पुढं तांडापेठेला त्या शांततेची सवय झाली. परसाकडं काळं झालं की कौसल्या घरात येऊन जाहीर करायची, "लोखंडाचं हाय!" आणि बळीराम मागावरून म्हणायचा, "बरं हाय." सहा वर्षं जी गोष्ट माणसांना सांगायची नसते म्हणून तिच्या गळ्यात अडकली होती, ती अशी रोज सकाळी चुलीपाशी, चहाच्या वाफेबरोबर निघून जायची. कधीकधी तिला वाटायचं, तुळजाबाईनंही असं कोणाला तरी विचारलं असतं तर, किती पाण्यात जातो रंग म्हणून. मग ती तो विचार फार वेळ धरायची नाही. धरला की बोटं जास्त दुखत.

मार्गशीर्ष आला आणि चंद्रकळांचं काम आलं. काळ्या लड्या पुन्हा घरात उतरल्या. बळीरामनं पहिली काळी कांडी धोट्यात बसवली, ओठ लावले, फूस्स केलं, हवा बाजूनं पळाली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि धोटा मागे घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "मी तारेनं काढतो."

"आना इकडं."

तिनं धोटा हातात घेतला. बोटं कुरकुरली, कुरकुरू दिली. ओठ धोट्याच्या डोळ्याला लावले. रंगाचा तो उग्र, तुरट वास जिभेवर आला, आणि त्याबरोबर गेल्या वर्षीचा सगळा काळ, ती मोजलेली सात पाणी, ती पुटपुटलेली ओवी, आडोशाला बसून स्वतःची केलेली समजूत. बिचाऱ्या सुतानं काय केलं होतं? चार महिने तिनं त्याच्यावर आळ घेतला होता. ते गुपचूप तिच्या ओठांवरून गेलं, मागावर चढलं, लुगडं झालं, कोणा सवाष्णीनं संक्रांतीला नेसलंही, आणि एकदाही म्हणालं नाही की मी नव्हे. तिनं श्वास ओढला. काळा दोरा एका झटक्यात आत आला, ओला, जिवंत. तिनं तो दातांतून सोडवला, थुंकी पदरानं पुसली, आणि धोटा बळीरामच्या हातात देता देता गुणगुणली, या वेळी मागापर्यंत पोचेल अशा आवाजात:

काळ्या सुताच्या रे दादा, तुले लाविला मी बोल
बहीन चुकली रे तुही, धर माह्या ओठाची ओल

"काय म्हणते वं?" बळीरामनं विचारलं.

"तुमाले नाई म्हटलं," ती म्हणाली. "फेका धोटा."